चिठ्ठी धरणारा हात

(द्वितीय वर्ष, कला – मराठी)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे रक्तदान शिबिर झाले. आमच्या वर्गातल्या सात मुली मोठ्या उत्साहाने रांगेत उभ्या राहिल्या, त्यांत मीही होते. बोटाला सुई टोचून आधी रक्ताचा थेंब तपासायचे आणि मगच आत सोडायचे. सातांपैकी पाच जणी तिथूनच परत फिरलो. रक्त देण्यासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते, माझे १०.१ निघाले. बिस्किटाचा पुडा मात्र आम्हालाही मिळाला. तो घेताना वाटलेली लाज अजून आठवते.

तपासणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "घरी आईचंही तपासून घे." आई मजुरीला जाते, रोज बुडवून तपासणीला यायला ती तयार नव्हती. शेवटी पावसाने काम बंद होते त्या दिवशी दोघी तालुक्याला जाऊन आलो. कागदावर दोन आकडे होते. आईचे हिमोग्लोबिन ८.४, आणि त्याखाली 'फेरिटीन' असा शब्द, पुढे आकडा ६. फेरिटीन १५ च्या खाली गेले की शरीरातला लोहाचा साठा संपत आला असे समजतात. माझे ९ होते.

"ह्ये फेरिटीन म्हंजी काय गं?" आईने एस.टी.त विचारले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. सगळ्या कागदांचा अर्थ मीच सांगायचा असा रिवाज पडला आहे. पण हा कागद मला सांगता आला नाही. कनिष्ठ महाविद्यालयातल्या जीवशास्त्राच्या मॅडमकडे गेले. त्यांनी दोन पुस्तके दिली आणि चार दुपारी खर्च करून मला समजावले. त्या दुपारींतून जे हाती लागले ते इथे मांडत आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने असल्या विषयात हात घालावा का, असे कोणी म्हणेल. पण विषय निघाला तो आमच्याच घरातून!

आपल्या शरीरात सगळे मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते. स्त्रियांत त्याहून कमीच. म्हणजे एखाद्या खिळ्याएवढे. त्यातला दोन-तृतीयांश भाग रक्ताच्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेला असतो, कारण प्राणवायू धरून ठेवण्याचे काम लोहाचे अणूच करतात. अन्नातून रोज अंगी लागते ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. मात्र लोह सुटे फिरू लागले तर ते पेशीला घातकही असते. प्राणवायूशी त्याची गाठ पडून अतिशय जहाल असे रेणू तयार होतात व ते पेशीचे आवरण, प्रथिने, जनुके, जे सापडेल ते नासवतात. लोह नसले तर मरण आणि मोकाट सुटले तरी मरण, असा हा पदार्थ आहे.

म्हणून पेशी लोह साठवते ते बंदिस्त करून. ज्या प्रथिनात ते साठवले जाते ते फेरिटीन. चोवीस तुकडे जुळून त्याचा पोकळ गोळा बनतो व त्या पोकळीत लोहाचे सुमारे ४,५०० अणू मावतात. आमच्या आजीच्या घरी धान्याची कणगी होती, शेणामातीने लिंपलेली. फेरिटीन म्हणजे पेशीची कणगी. त्यातला थोडासा अंश रक्तातही उतरतो, म्हणून रक्त तपासून आत कणग्या किती असाव्यात याचा अंदाज बांधता येतो. आईला मी हे सांगितले तेव्हा तिने लगेच विचारले, "मंग दाणंच नसल्यावर कणगी कोण इणंल?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पण त्याच्या मागे दुसरा प्रश्न उभा आहे. दाणे आहेत की नाहीत हे पेशीला कळते कसे? आणि कणगी विणायची वा नाही विणायची हा हुकूम कोण देतो?

इथे थोडे मागे जाणे भाग आहे. प्रथिन कसे करायचे याची कृती पेशीकेंद्रातल्या डी.एन.ए.मध्ये लिहिलेली असते. मूळ पोथी देवघराबाहेर काढायची नाही, लागेल तेवढ्या पानाची नक्कल करून न्यायची, अशी तिथली रीत. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आर.एन.ए. ती पेशीकेंद्राबाहेर येते आणि रिबोसोम नावाचे यंत्र तिच्यावरची अक्षरे तीन-तीन करून वाचत, त्याबरहुकूम प्रथिन गुंफीत जाते. १९६१ मध्ये या संदेशवाहकाचा शोध लागला. कोरोनाच्या काळात 'एम-आर.एन.ए. लस' हे नाव आपण वर्तमानपत्रांतून ऐकले तो एम-आर.एन.ए. हाच. (गावाकडे बहुतेकांना मिळाल्या त्या लशी या जातीच्या नव्हत्या, पण पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने अशी एक लस तयार केली आणि २०२२ साली तिला आपल्याकडे परवानगी मिळाली.) रिबोसोमच्या या वाचनाला शास्त्रज्ञ 'भाषांतर' म्हणतात हे कळले तेव्हा मराठीच्या विद्यार्थिनीला आनंद व्हावा यात नवल नाही. आर.एन.ए.ची चार अक्षरांची भाषा आणि प्रथिनांची वीस अमिनो आम्लांची भाषा. भाषांतरच ते!

मला वाटत होते की हुकूम द्यायचा तो डी.एन.ए.च्या पातळीवरच दिला जात असेल. प्रथिन हवे तर नक्कल काढायची, नको तर काढायची नाही. पुष्कळदा होतेही तसेच. पण फेरिटीनच्या बाबतीत ही समजूत चुकते, आणि ती कशी चुकली याची हकीकत मोठी सुरस आहे.

हॅमिश मन्रो हे मूळचे स्कॉटलंडचे जीवरसायनशास्त्रज्ञ, पुढे अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत गेले. १९६० च्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना लोह टोचून पाहिले. यकृतात फेरिटीन भराभर वाढले. मग त्यांनी नवी आर.एन.ए. नक्कल निघूच नये असे औषध आधी दिले व पुन्हा लोह टोचले. नक्कल निघायची बंद, म्हणजे फेरिटीन वाढू नये. पण तरीही ते वाढले! याचा अर्थ एकच होता. नकला आधीच काढून ठेवलेल्या असल्या पाहिजेत. १९७६ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की लोह येण्यापूर्वी फेरिटीनचे संदेश पेशीत नुसतेच पडून असतात, त्यांच्यावर रिबोसोम चढलेले नसतात. लोह आले की तेच संदेश रिबोसोमवर जातात. चिठ्ठी लिहून तयार होती, तिचे वाचन तेवढे कोणीतरी अडवून धरले होते.

असे का करावे? लोह आल्यावर सावकाश नक्कल काढायला बसले, ती बाहेर आणली, मग वाचली, तोवर सुटे लोह पेशीत धुमाकूळ घालील. म्हणून चिठ्ठी लिहून, घडी करून, हाताशी ठेवायची. पाहुणा दाराशी आल्यावर जात्यावर बसणारी सुगरण कोणी पाहिली आहे काय?

आता चिठ्ठी अडवणारा कोण, हे शोधायचे राहिले. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रिचर्ड क्लाउसनर, ट्रेसी राउल्ट आणि जर्मनीहून तिथे आलेले मॅथियास हेन्ट्सं हे काम करीत होते; इकडे मन्रोही मागे लागलेलेच होते. १९८७ मध्ये दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट सापडली. फेरिटीनच्या संदेशाच्या माथ्याशी, जिथून रिबोसोम चढायला सुरुवात करतो तिथे, सुमारे तीस अक्षरांचा एक तुकडा असा असतो की तो स्वतःवरच दुमडतो. दोन्ही बाजूंची अक्षरे एकमेकांशी जुळतात, एका बाजूला एक 'सी' अक्षर जोडीविना बाहेर डोकावत राहते आणि टोकाला सहा अक्षरांचा फास उरतो. केसांत खोवायच्या आकड्यासारखा हा आकार आहे. हा आकडा ओळखणारे एक प्रथिन पेशीत असते व ते त्याला घट्ट पकडते. पकडलेल्या ठिकाणी रिबोसोमचा लहान भाग टेकूच शकत नाही. चिठ्ठी समोर आहे, पण पहिल्या ओळीवरच कोणी तळहात ठेवला आहे!

अशा आर.एन.ए.ला धरणाऱ्या प्रथिनांना मी या लेखात 'चिठ्ठी धरणारे हात' म्हणणार आहे. शास्त्रीय पुस्तकांत या विशिष्ट हाताचे नाव आय.आर.पी. असे आहे.

खरी गंमत यापुढे आहे. पेशीला लोह आत घ्यायचे असते तेव्हा तिच्या पृष्ठभागावर एक दरवाजा लागतो. रक्तातून ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन लोह वाहून आणते व ते या दरवाजाला चिकटून आत शिरते. हा दरवाजाही प्रथिनाचाच, म्हणजे त्याचीही चिठ्ठी असणार. १९८८ मध्ये त्या चिठ्ठीवरही तसेच आकडे सापडले, एक नव्हे पाच. मात्र ते माथ्याशी नव्हते, शेपटीशी होते. शेपटीशी हात धरला तर वाचन अडत नाही. उलट, ही शेपटी उघडी पडली की कातरणारी विकरे येऊन चिठ्ठीचे तुकडे करतात. हात धरलेला असेल तोवर चिठ्ठी सुखरूप राहते आणि पुन्हापुन्हा वाचली जाते.

म्हणजे पाहा. लोहाची टंचाई पडली. हातांनी दोन्ही चिठ्ठ्या धरल्या. फेरिटीनची माथ्याशी धरली, तिचे वाचन थांबले, कणग्या विणणे बंद. दरवाजाची शेपटीशी धरली, ती वाचली, दरवाजे वाढले. लोह मुबलक झाले की हात सुटले. कणग्यांचे काम सुरू झाले आणि दरवाजाची चिठ्ठी फाटून गेली. हात एक, आकडा एक, पकड एक. फळ मात्र अगदी उलट, आणि ते ठरते निव्वळ आकडा चिठ्ठीवर कुठे आहे यावरून. मॅडमनी हे फळ्यावर काढून दाखवले तेव्हा मी वहीत काही न लिहिता नुसती बघत राहिले होते.

पण हाताला कळते कसे, की लोह आले? याचे उत्तर १९९१ च्या सुमारास मिळाले आणि ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. या प्रथिनाची अमिनो आम्लांची रांग वाचून पाहिली तेव्हा ती अॅकोनिटेज नावाच्या एका जुन्या ओळखीच्या विकराशी जुळली. दहावीच्या पुस्तकातले क्रेब चक्र आठवते का? त्यात सायट्रिक आम्लाचे रूप पालटण्याचे काम हे विकर करते, आणि त्यासाठी त्याच्या पोटात लोहाचे चार व गंधकाचे चार अणू मिळून एक छोटा ठोकळा बसवलेला असावा लागतो. आपला चिठ्ठी धरणारा हातही असाच आहे. लोह असले की त्याच्यातही तो ठोकळा बसतो. ठोकळा बसला की हाताची मूठ भरते, तिथे आर.एन.ए.ला जागा उरत नाही, चिठ्ठी सुटते. आणि हे प्रथिन अॅकोनिटेज बनून सायट्रिक आम्लाच्या कामाला लागते. लोह संपले, ठोकळा विरघळला, मूठ रिकामी झाली की ते पुन्हा चिठ्ठी धरायला हजर. लोह आहे की नाही हे सांगायला तिसरा कोणी लागत नाही. लोह स्वतःच मुठीत येऊन बसते. २००६ मध्ये या पकडीचे चित्र अणूअणूसह स्फटिकांच्या साहाय्याने मिळाले, तेव्हा दिसले की ठोकळ्याच्या जागेभोवतीचा भाग दार उघडल्यासारखा फाकतो आणि आर.एन.ए.चा आकडा आत घेतो.

याला एक धाकटा भाऊही आहे, आय.आर.पी.-२. त्याला मूठ भरण्याची कला नाही. लोह मुबलक झाले की त्याला सरळ मोडून टाकतात. ते कोणते प्रथिन करते हे २००९ मध्ये कळले. पण त्याला कमी लेखू नये. ज्या मुलात हा भाऊ मुळीच नव्हता अशा एकाची नोंद २०१९ मध्ये झाली. त्याला मज्जासंस्थेचा गंभीर विकार होता आणि रक्तक्षयही.

हात सुटल्यावर काय होते हे एका आजाराने तर फारच स्पष्ट दाखवले. १९९५ मध्ये इटली आणि फ्रान्समधील काही कुटुंबे डॉक्टरांच्या ध्यानात आली. त्यांतल्या माणसांना ऐन तारुण्यात मोतीबिंदू होई आणि रक्तात फेरिटीन भरमसाट सापडे. फेरिटीन जास्त म्हणजे लोह जास्त, असा सरळ हिशेब करून अशा काही रुग्णांचे रक्त वेळोवेळी काढून टाकण्यात आले. झाले उलटेच; ते रक्तक्षयाने खंगू लागले. कारण त्यांच्या शरीरात लोह मुळी वाढलेलेच नव्हते. फेरिटीनच्या चिठ्ठीवरच्या त्या आकड्यात अवघे एखादे अक्षर बदललेले होते, त्यामुळे हाताला तो नीट धरता येत नव्हता आणि दाणे असोत नसोत, कणग्या विणणे अखंड चालू होते. डोळ्याच्या भिंगात फेरिटीनचे स्फटिक साचून मोतीबिंदू होई. शुद्धलेखनात एका अक्षराला आपण अर्धा गुण कापतो. इथे एका अक्षरापायी माणसाची दृष्टी अंधुक झाली, आणि वर नको त्या उपचाराने अंगातले रक्तही गेले. कागदावरचा आकडा खरा असूनही त्याचा अर्थ खोटा निघू शकतो, हे मला यातून प्रथमच कळले.

चिठ्ठी धरणारे हात पेशीत किती असतात? २०१२ मध्ये हेन्ट्सं यांच्या जर्मनीतील गटाने मानवी पेशींतल्या संदेशवाहक आर.एन.ए.ला चिकटलेली प्रथिने एकत्र पकडून मोजली, ती ८६० भरली. ज्या पेशींवर हे केले त्या हेला पेशी, म्हणजे हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय अमेरिकन बाईच्या गाठीतल्या. १९५१ साली तिला न विचारता त्या घेतल्या होत्या. ती त्याच वर्षी वारली, पेशी मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. तिचे नाव या हकिकतीत यायलाच हवे असे मला वाटले. या शेकडो हातांपैकी कोणी चिठ्ठी कापून जोडते, कोणी तिला पेशीच्या दुसऱ्या टोकाला पोचवते, कोणी तिचे आयुष्य ठरवते. त्यांतला एखादा बिघडला तर मुलांची बौद्धिक वाढ खुंटणे, प्रौढांत स्नायूंवरचा ताबा जाणे, असे आजार होतात. तो विषय मोठा आहे, माझ्या आवाक्याबाहेरचा. मी आपली लोहापाशी थांबते.

तर आईच्या कागदावरच्या ६ या आकड्याचा अर्थ असा. तिच्या पेशीपेशींत फेरिटीनच्या चिठ्ठ्या लिहून तयार आहेत, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर एक रिकामा हात टेकलेला आहे. अस्थिमज्जेत तांबड्या पेशी घडतात तिथेही हाच प्रकार. हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग म्हणजे हीम. तो तयार करण्याच्या पहिल्या पायरीवर जे विकर लागते त्याच्या चिठ्ठीलाही माथ्याशी असाच आकडा असतो. लोहच नसेल तर हीमची तयारी कशाला, असा हिशेब. उधारी वाढू न देता घर चालवणाऱ्या बाईसारखी ही काटकसर आहे.

काटकसर मात्र दाणे पिकवीत नाही. हात कितीही शहाणा असला तरी त्याला लोह निर्माण करता येत नाही. "बायकांचं असंच असतं, शरीराला सवय होते," असे मला एका ठिकाणी शांतपणे सांगण्यात आले. सवय होते ती अशी होते, चिठ्ठ्या दाबून! २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या आढळल्या, महाराष्ट्रात ५४.२ टक्के. सगळ्याच रक्तक्षयाचे कारण लोहाची उणीव नसते हे खरे, पण मोठा वाटा तिचाच आहे. शाळेत आम्हाला आठवड्याला निळी गोळी मिळे. तोंडाला लोखंडाची चव येते, पोटात मळमळते म्हणून आम्ही ती खिडकीतून टाकीत असू. खिडकीखालच्या गवतात निळे ठिपके दिसत. आज त्याची आठवण झाली की स्वतःचाच राग येतो. आम्ही काय टाकत होतो ते आम्हाला कोणी सांगितले नव्हते, हेही तितकेच खरे.

आईला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. भाकरीवर लगेच चहा प्यायची तिची सवय मोडायला मला महिना लागला. चहाने अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही. लिंबू घरच्या झाडाचे आहे, तेवढे तिला पटले. ती सगळ्यांच्या मागून जेवते ही गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. त्यावर आमचे भांडण चालू आहे.

पाच महिन्यांनी पुन्हा तालुक्याला गेलो. आईचे हिमोग्लोबिन ११ झाले होते, फेरिटीन १७. आधी रक्ताची भरपाई होते आणि मग उरले तर कणगीत पडते, त्यामुळे दुसरा आकडा सावकाश चढतो. एस.टी.त बसल्यावर तिने कागद माझ्या हातून घेतला, वाचता येत नसतानाही नीट पाहिला आणि विचारले, "म्हंजी सोडली का चिठ्ठी?"

"थोड्या सोडल्यात गं," मी म्हटले.

यंदाच्या शिबिरात मी पुन्हा रांगेत उभी होते. माझे १२.१ भरले. चार दशांश कमी पडले.